नापास माल

"खोटं काम तेवढं देऊ नका हं त्याला," वर्कशॉपच्या बाई म्हणाल्या होत्या. "काम नसलं तर सरळ नाही म्हणून सांगा. रुसेल, आदळआपट करेल, एखादा दिवस जेवणार नाही. चालेल. पण बांधलेलं सोडून तेच पुन्हा बांधायला देऊ नका."

"हो हो," ती म्हणाली आणि ते तिथेच सोडून दिलं.

तिचं तेव्हा लक्ष तरी कुठे होतं? कडेवर अकरा महिन्यांची पोर, नाकावरून घसरणारा नवाकोरा मास्क आणि डोक्यात एकच विचार: पोरीने जिन्याच्या कठड्याला हात लावला का, आणि लावला असेल तर तो तोंडात गेला का? उद्यापासून सगळं बंद, असं सकाळीच जाहीर झालं होतं. जो तो आपलं माणूस घेऊन घराकडे पळत होता. बाईंनी मालाची दोन खोकी दादाच्या हातात दिली. दादाने ती छातीशी धरली, बाळ धरावं तशी. "एवढी पाचशेची ऑर्डर घरी पुरी करा," बाई म्हणाल्या. "आणि हाताची सवय मोडू देऊ नका त्याच्या. उघडलं की जागा त्याचीच आहे, पण सवय मोडली तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

दोन सूचना मिळाल्या होत्या. एक तिने पदरात बांधली आणि दुसरी वाऱ्यावर सोडली. मनात उत्तर तयारच होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं. दादाला दहाच्या पुढे मोजता येत नाही. त्याला काय कळायचंय?

दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी मोठा. वय चौतीस. डॉक्टरांच्या फायलीत मात्र 'सहा वर्षांच्या मुलाइतकी समज' असं कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं आणि ते सहा काही पुढे सरकलं नव्हतं. आई गेल्यावर तो तिच्याकडे आला. तिचं कॉलेज झालं, लग्न झालं, मूल झालं, तरी त्याच्या लेखी ती 'छोटी'च राहिली. "छोटी, नाडी," असं म्हणून तो रोज सकाळी बूट पुढे करायचा आणि छोटी मुकाट्याने खाली वाकायची. तिचा नवरा म्हणायचा, "या घरात साहेब दोनच, तुझा दादा आणि आपली लेक. आपण दोघं पगारी माणसं, पगार तेवढा मिळत नाही."

पण वर्कशॉपमध्ये दादा खरंच साहेब होता. तिथे एका लांबलचक टेबलाला सोळा जण बसायचे आणि हॉटेलांसाठी जेवणाचे सेट बांधायचे. कुणाकडे चमचे, कुणाकडे काटे. दादा टोकाला, मिठाच्या पुड्या देणारीच्या शेजारी. कागदी नॅपकिनची तिहेरी घडी घालायची, घडीवर अंगठ्याचं नख एकदाच ओढायचं, त्यात चमचा, काटा नि मिठाची पुडी गुंडाळून कागदाच्या पाकिटात सरकवायचं, हे त्याचं काम. त्याच्यासारखी घडी बाईंनाही जमत नसे. दहा सेट झाले की ट्रे भरला, दहा ट्रे झाले की क्रेट. चार वाजता टेम्पो यायचा, क्रेट घेऊन जायचा आणि दादाचा दिवस संपायचा. संपायचा म्हणजे खऱ्या अर्थाने संपायचा. घरी येताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं की तिला त्याचा हेवा वाटे.

हॉटेलवाल्यांना काही खटकलं तर क्रेट परत यायचा, वर लाल चिकटपट्टी लावून. त्याला सगळे 'नापास माल' म्हणत. बाई कुणाला रागवायच्या नाहीत, पण त्या दिवशी टेबलावर कुणी चकार शब्द काढत नसे. अकरा वर्षांत दादाचा क्रेट एकदाच नापास झाला होता. त्या संध्याकाळी तो आईच्या कपाटात जाऊन बसला होता, साड्यांच्या खाली, आणि त्याला बाहेर काढता काढता आईच्या नाकीनऊ आले होते.

हे सगळं तिला माहीत होतं. माहीत असून उपयोग झाला नाही.

पाचशेची ऑर्डर दादाने सहा दिवसांत संपवली. पाचही क्रेट दाराशी रचून ठेवले आणि चार वाजता स्वतः बूट घालून उभा राहिला. टेम्पो आला नाही. तिने बाईंना फोन लावला. "हॉटेलंच बंद झाली हो, ताई," बाईंचा आवाज खोल गेला होता. "माल राहू द्या तुमच्याकडेच. कोण नेणार आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दादा दप्तर पाठीला लावून दारात.

"छोटी, गाडी?"

"आज सुट्टी आहे, दादा."

"रविवार?"

"हो. रविवार."

तिसऱ्या दिवशी, "काल पण रविवार?"

आतून नवरा ओरडला, "दादा, साहेब खूश झालेत आपल्यावर. रोज रविवार दिलाय!" त्याचं ऑफिस आता बेडरूममध्ये आलं होतं. वर शर्ट, खाली पायजमा अशा वेशात तो दिवसभर स्क्रीनपुढे बसलेला असायचा. एरवी दादा त्याच्या कुठल्याही विनोदावर खो खो हसायचा. त्या दिवशी हसला नाही. उभाच राहिला. दप्तराचा पट्टा धरून अकरा वाजेपर्यंत उभा राहिला.

पाचव्या रविवारी दुधाच्या पिशव्या घेताना दार जरा उघडं राहिलं आणि दादा निसटला. पोरीला नवऱ्याच्या मांडीवर अक्षरशः टाकलं, त्याच्या मीटिंगमध्ये पोर भोकाड पसरून रडायला लागली, आणि ही अनवाणी जिना उतरून रस्त्यावर. रस्ता रिकामा. इतका रिकामा रस्ता तिने जन्मात पाहिला नव्हता. कोपऱ्यावर जिथे वर्कशॉपची गाडी थांबायची तिथे दादा उभा होता आणि त्याच्यापुढे काठी आपटत एक पोलीस.

"मास्क कुठाय? ए! बहिरा आहेस का?"

"साहेब, साहेब, माझा भाऊ आहे," ती धापा टाकत म्हणाली. "त्याला कळत नाही हो."

"मग घरात बांधून ठेवा ना! इथे माणसं मरताहेत आणि हे निघाले फिरायला."

ती सॉरी म्हणाली. तीनदा म्हणाली. जिना चढताना दादा मध्येच थांबला. "मला कळतं," तो म्हणाला.

"हो रे, कळतं."

"तू म्हणालीस कळत नाही."

घरात आल्यावर तिने त्याचे हात कोपरापर्यंत घासले, एकदा, दोनदा, लाल होईपर्यंत. कपडे गरम पाण्यात टाकले. आणि सांगितलं की चौदा दिवस बाळाला हात लावायचा नाही. दादाने लगेच दोन्ही हात पाठीमागे बांधले. पोर रांगत मामाकडे यायची, त्याच्या पायाला धरून उभी राहायची, आणि तो हात मागे घट्ट धरून भिंतीला चिकटायचा. छतावर काहीतरी दिसतंय असा वर बघत राहायचा, तिच्याकडे बघितलं तर हात सुटतील म्हणून.

त्याच संध्याकाळी तिने ठरवलं.

दादाची अंघोळ म्हणजे वीस मिनिटं. दहा मग, मग साबण, मग दहा मग. त्या वीस मिनिटांत ती बाल्कनीत बसली आणि एक क्रेट सोडला. पाकिटातून सेट काढायचा, चमचा एका डब्यात, काटा दुसऱ्यात, पुडी तिसऱ्यात, नॅपकिन मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करायची. एक, दुसरा, तिसरा. हात सवयीने भराभर चालायला लागला.

नवरा पाणी प्यायला बाहेर आला तो दारातच थबकला. "हे काय चालवलंयस?"

"त्याच्या हाताची सवय मोडायला नको."

"पण त्या बाई नको म्हणाल्या होत्या ना?"

"बाई त्यांच्या घरी आहेत. निस्तरायचं मला आहे. आज पोलिसाने काठी नुसती आपटली, उद्या मारली तर? आणि बाहेरून काही घेऊन आला आणि पोरीला..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ती वाक्यं ती हल्ली पुरी करतच नसे.

नवऱ्याने खांदे उडवले. "बघ बाई. तुझा भाऊ."

दादा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा बाल्कनीचा पडदा ओढलेला होता. "दादा, टेम्पो येऊन गेला!"

तो जागच्या जागी थांबला. "आला?"

"अरे हो. तू अंघोळीला होतास ना. सगळे क्रेट घेऊन गेला."

"काय म्हणाला?"

"छान म्हणाला. उद्या नवा माल पाठवतो म्हणाला."

दादाचा चेहरा असा उजळला की तिचा जीव भांड्यात पडला. एवढ्याशा थापेने एवढा आनंद होत असेल तर थाप मारायला काय जातंय? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिने त्याच्यापुढे 'नवा माल' ठेवला. दिवसभर घरात नुसती चमच्यांची किणकिण. पोर झोपली. नवऱ्याची मीटिंग शांतपणे झाली. संध्याकाळी वीस मिनिटांत शंभर सेट सोडायचे, की उद्याची सोय झाली. आठवडाभर घर असं सुतासारखं चाललं की तिने मैत्रिणीला फोनवर फुशारकीने सांगितलं, "अगं, थोडं डोकं चालवावं लागतं. रडत बसून काय होतंय?"

मग दादा हळू झाला.

आधी तिला वाटलं, कंटाळला असेल. शंभरचे साठ झाले, साठचे तीस. तो प्रत्येक चमचा शर्टाला पुसायला लागला. नॅपकिन उजेडापुढे धरून बघायचा. घडी घालायचा, नख ओढायचा, आणि लगेच न गुंडाळता बराच वेळ त्या घडीकडे बघत बसायचा. मध्येच उठून हात धुवायला जायचा. हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आणि एका नॅपकिनवर रक्ताचा ठिपका उमटला, तेव्हा तो ती नॅपकिन घेऊन तिच्यामागे स्वयंपाकघरात आला. नुसती पुढे धरली. "असू दे रे, दुसरी घे," ती म्हणाली. ती गॅसपाशी होती, पोर पायात घुटमळत होती.

संध्याकाळी तो विचारायचा, "टेम्पोवाला काय म्हणाला?"

"छान म्हणाला."

"खरं?"

"खरंच."

तो तिच्याकडे बघत राहायचा. ते बघणं तिला नंतर फार आठवलं. रागाचं नव्हतं ते, संशयाचंही नव्हतं. वर्गात सगळ्यांसमोर पडलेला मुलगा, आपल्याला बरं वाटावं म्हणून लोक खोटं बोलताहेत हे ओळखून जसं बघतो, तसं होतं. मग त्याचं जेवण कमी झालं. मग एका दुपारी तो स्वतःच्या उजव्या हातावर डाव्या हाताने मारायला लागला, फटाफट, एकाच लयीत, आणि तिने धरलं तरी थांबेना.

चौदा दिवस कधीच उलटून गेले होते, पण बाळाला हात लावायला चालेल हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं. तेही तिच्या त्या दिवशी लक्षात आलं, जेव्हा ती कपडे वाळत घालून आत आली आणि पडद्यामागे थबकली. दादा जमिनीवर बसला होता, हात मागे बांधून. समोर पोर चमचा चघळत होती. तो तिला अगदी हळू आवाजात सांगत होता, एखादी शरमेची गोष्ट सांगावी तसं.

"मामाचं नापास झालं. सगळं. काल पण. आज पण. रोज नापास. टेम्पोवाला रोज परत देतो. छोटी सांगत नाही. छोटी चांगली आहे."

तिला नीट उलगडा होईना. तिने बाईंना फोन लावला आणि जसं ऐकलं तसं सांगितलं.

"ताई, तुम्ही त्याने बांधलेलं सोडत होतात का?"

तिने बाल्कनीचा पडदा ओढून घेतला.

"अहो, तो घडीवर नख ओढतो ना? कागदावरची ती रेघ हाताने पुसली तरी जाते का? नव्या नॅपकिनवर ती नसते. तुम्ही दिलेल्या प्रत्येक नॅपकिनवर त्याला आपलीच रेघ दिसत असणार. आणि आमच्याकडे आपला माल आपल्यापुढे परत आला, तर त्याचा अर्थ एकच असतो."

अकरा वर्षं तीच रेघ. स्वतःचं अक्षर माणसाला ओळखू येणार नाही का? दहाच्या पुढे मोजायची त्यात गरजच काय होती?

"ताई? ऐकताय ना? त्याला खरं काय ते सांगा. आत्ताच्या आत्ता."

तिने सांगितलं. दादासमोर मांडी घालून बसली, त्याचे भेगाळलेले हात हातात घेतले. "दादा, टेम्पोवाल्याने काही परत दिलं नाही. तुझं सगळं पास आहे. टेम्पो आलाच नव्हता. मीच उघडत होते. हे बघ, अशी." तिने एक सेट उचलला, पाकिटातून काढला, नॅपकिन मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करून दाखवली. आपण पुरावा देतोय असं तिला वाटत होतं. "रोज तू अंघोळीला गेलास की मी हे करायचे. तुझं काही चुकलं नाही. एकही नाही."

दादा तिच्या तळव्याकडे बघत होता.

"टेम्पो आला नाही?"

"नाही."

"एकदा पण नाही?"

"नाही, दादा."

तो उठला, बाल्कनीत गेला. पडदा बाजूला केला. पाचही क्रेट तिथेच होते. परत येऊन बसला.

"मग कुणासाठी केलं?"

बाहेर कुठूनतरी भोंग्यावरून घरात राहण्याच्या सूचना ऐकू येत होत्या. जो शब्द आधी सुचला तो ती बोलून गेली. "माझ्यासाठी."

दादाने यावर खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, तिचं म्हणणं खरं धरून. मग म्हणाला, "छोटी, तुला एवढे चमचे कशाला?"

आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसला.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही घडलंच नाही. दादा सकाळी दारात येऊन उभा राहीनासा झाला. पाचव्या रविवारी याच गोष्टीने तिला केवढा त्रास झाला होता, आणि आता तो दारात उभा राहावा म्हणून ती नवस बोलायला तयार होती. अंघोळीचे मग मोजणं बंद झालं, मग अंघोळच बंद झाली. ती ओढून नेऊन घालायची, तो ओल्या भिंतीकडे तोंड करून उभा. दात घासणं गेलं. बटणं गेली. आईने त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवण्यात दोन उन्हाळे घालवले होते. ती एका महिन्यात गेली. 'छोटी, नाडी' गेलं. घरात बूट घालायचेच नव्हते, मग नाडी कसली?

बाळाला घे म्हटलं तरी हात मांडीखालून निघत नसत. पोर त्याच्या पावलावर बसून खेळायची. तिला वाटायचं, मामा म्हणजे खुर्चीसारखीच एक वस्तू आहे.

डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. "रुटीन ठेवा," ते म्हणाले.

"त्याचंच तर..." ती म्हणाली. लाइन तुटली. पुन्हा लागली नाही.

त्याच दिवसांत पोर स्वतःच्या हाताने चमचा धरायला शिकली. अर्धं तोंडात, अर्धं कानात, पण शिकली. घरातल्या कुणाला कौतुक करायला उसंत नव्हती. एका बाजूला पोरीच्या मुठीत चमचा देऊन ती दुसऱ्या हाताने दादाला भात भरवायची, कारण तो आता चमच्याला हात लावत नव्हता. एक शिकत होती, दुसरा विसरत होता, आणि ती मध्ये बसली होती. कधी कधी ती नळ सोडून बाथरूममध्ये जायची. नवरा बाहेरून विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "कपडे भिजवतेय."

आठव्या महिन्यात बाईंचा फोन आला. वर्कशॉप उघडणार होतं. "पण ताई, अर्धंच. सात जणांना बसवायची परवानगी आहे. तीन तास मास्क ठेवणारे, हात चालणारे. सोमवारी घेऊन या. मी त्याची जागा अजून कुणाला दिलेली नाही."

रविवारी तिने त्याचे केस कापले. खराखुरा रविवार होता. "दादा, उद्या गाडी," ती म्हणाली, आणि म्हणताना त्याच्या कापलेल्या केसांकडेच बघत राहिली. हिने पुन्हा थाप तर मारली नाही ना, असं तो विचारेल म्हणून. त्याने काहीच विचारलं नाही.

वर्कशॉपमध्ये फिनेलचा वास कोंडला होता. टेबल तेच, पण सोळापैकी नऊ खुर्च्यांवर चिकटपट्टीची फुली. फुलाफुलांच्या मास्कमागे बाई उभ्या होत्या, केस पार पांढरे झालेले. दादाने त्यांना ओळखलं नाही. बाई मागे सरकल्या, काचेच्या दारापलीकडे गेल्या, मास्क खाली केला आणि हसल्या. दादा बघत राहिला. ओळख पटली की नाही, कळायला मार्ग नव्हता. पण टोकाच्या खुर्चीवर तो आपण होऊन जाऊन बसला.

बाईंनी नॅपकिनचा नवा, सीलबंद गठ्ठा त्याच्यासमोर फोडला. "हे खरंय हं, रे. बघ, टेम्पो खाली उभा आहे." दादा खरंच उठून खिडकीशी गेला. खालून टेम्पोवाल्याने हात केला. दादा परत येऊन बसला. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचे हात मांडीखालून बाहेर आले.

त्याने वरची नॅपकिन उचलली, उजेडापुढे धरली. रेघ नव्हती. कोरी. ती टेबलावर ठेवून त्याने तिहेरी घडी घातली. घडी तीच. अंगठ्याचं नख ओढलं.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. तिने तोंडावर हात घेतला.

मग दादाने ती घडी उलगडली. नॅपकिन मांडीवर घेतली, तळव्याने नीट, अगदी काळजीपूर्वक सपाट केली आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. दुसरी उचलली. घडी, नख, उलगडणं, तळवा. तिसरी. घाई नाही, चिडचिड नाही. काम असंच असतं असं कुणीतरी शिकवलेल्या माणसासारखा तो करत राहिला. प्रत्येक वेळी ओठातल्या ओठात एकच शब्द पुटपुटत होता. तो 'नापास' आहे हे कळायला बाईंना वाकावं लागलं नाही.

बाईंनी तासभर वाट पाहिली. हळूच हात धरून पाहिला, शेजारी बसून स्वतः गुंडाळून दाखवलं. तो थांबायचा, बघायचा आणि त्यांनी गुंडाळलेलंही सोडून सपाट करायचा.

"ताई," शेवटी बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दारात आणखी तिघं बसलेत."

"हो, कळतंय मला."

"तुम्हाला दोष देत नाही मी. घरोघरी काहीतरी झालंच आहे. एकाला जिना उतरता येत नाही आता. एकाचे वडील गेले, त्याला कुणी सांगितलंच नाही, तो अजून त्यांच्या औषधांची वेळ झाली की हाका मारतो."

"पुन्हा कधी आणू?"

बाईंनी दाराशी बसलेल्या तिघांकडे पाहिलं. मास्कमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्याबद्दल तिला जरा बरंच वाटलं. दादाच्या खुर्चीवर त्याच सकाळी दुसरा कुणी बसला.

निघताना दादा टेबलाशी अडला. त्याच्या डाव्या हाताची खुर्ची, फुली मारलेली. त्याने तिच्यावर तळवा ठेवला. "मीठ?" तो म्हणाला. कित्येक आठवड्यांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मिठाच्या पुड्या देणारी होती एक," बाईंनी सांगितलं. "अकरा वर्षं याच्या शेजारी. आत्याकडे राहायची. फोन लागतच नाही हो. मी वीसदा केला असेल."

पत्ता घेऊन ती दुसऱ्याच दिवशी गेली. चार मजले चढली. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. "आत्याबाई ना? त्यांना न्यायला गाडी आली होती, उन्हाळ्यात. त्या काही परत आल्या नाहीत."

"आणि भाची?"

"कोण भाची? अच्छा, ती येडी? ती होय... कुणीतरी घेऊन गेलं असेल की. नातेवाईक असतील."

"कोण घेऊन गेलं? तुम्ही पाहिलं का?"

"आम्ही कुठे दार उघडत होतो हो तेव्हा?"

तिने तरी कुणाचं दार वाजवलं होतं? खाली येऊन तिने रखवालदाराला विचारलं, दुकानदाराला विचारलं, दोन दवाखान्यांत आणि एका निवाऱ्यात फोन केले. सगळीकडे नाव लिहून घेतलं. घरी दादा खिडकीशी बसलेला असतो, हात मांडीखाली. ती आत आली की मान वळवून बघतो. दुसरं काही विचारत नाही, 'मीठ?' एवढंच विचारतो.

म्हणून ती आता ज्याला त्याला विचारते. तुम्हालाही विचारते आहे. मिठाच्या पुड्या देणारी ती चाळिशीची बाई आहे. ठेंगणी, केस कानापर्यंत कापलेले, उजवा डोळा किंचित मिटलेला. घाईने नाव विचारलंत तर सांगणार नाही. मुठीत काहीतरी धरलेलं असेल, ते काढून घेऊ नका. तुमच्या इमारतीत असेल, मागच्या गल्लीत असेल, एखाद्या नातेवाइकाच्या आतल्या खोलीत असेल, जिथून कधीमधी आवाज येतो आणि तो कुणाचा हे आपण विचारत नाही. फोन करू नका, तिला उचलता येत नाही. जिना चढून जा. ती नसली आणि दुसरंच कुणी असलं, तरी लगेच मागे फिरू नका, दोन मिनिटं बसा, जेवण झालं का विचारा. आज जाल का?